‘खाली’ बंदूक

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला. कुणाच्या वाट्याला ‘गुरुजनांचे ऋण’ आलं, कुणाच्या वाट्याला ‘शाळेनं काय दिलं’. मला म्हणाले, “तू आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्यास, तेव्हा काहीतरी गमतीचं सांग. पण जेवणाची वेळ होते आहे, हे लक्षात ठेव.” बंदुकीत कसली आली गंमत, असं समोर बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर दिसतंय. बाई, बंदुकीत गंमत नाहीच. ती बंदुकीभोवती उभ्या असलेल्या माणसांत आहे, आणि त्यांचीच गोष्ट मी सांगणार आहे.

शाळा सुटल्यावर मी फौजेत गेलो, ते तुम्हाला माहीत आहे. पण तिथं नेमकं काय केलं, हे फार कुणाला माहीत नाही. मी ईएमई कोरमध्ये आर्मरर होतो. म्हणजे बाकीचे जवान बंदूक चालवायचे आणि ती बिघडली की माझ्या टेबलावर यायची. निवृत्तीनंतर काही वर्षं मी शहरातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडे दुरुस्तीचं काम केलं. कोणतं शहर, कोणतं दुकान, ते सांगत नाही. मालक लोक भले होते. पण काउंटरवर बसवलेली पोरं कालपर्यंत कापडाच्या दुकानात मीटरवर कापड मोजत होती. आता कापडाच्या आणि शिवणाच्या धंद्याबद्दल नरसीत तरी वाकडं बोलता येत नाही, ज्यांच्या नावानं आपलं गाव ओळखलं जातं ते नामदेव महाराजच शिंप्याच्या घरचे. त्यामुळे पोरांचा दोष नाही. दोष एकच, की माहीत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटायची.

पहिला घोळ ‘बोर’ या शब्दाचा. आपल्या मराठवाड्यात बोर म्हटलं की माणूस जमिनीकडे बघतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. अशाच एका वेळी एका ठाण्यात मी कामासाठी बसलो होतो. एक शेतकरी काका गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. नोंद करणाऱ्या हवालदारानं मान वर न करता विचारलं, “काका, बोर किती?” काका म्हणाले, “तीन घेतले साहेब. दोन कोरडे गेले, एकाला दीड इंच पाणी हाय.” हवालदारानं त्यातलं ‘तीन’ लिहूनही टाकलं होतं!

दुकानातली परिस्थिती यापेक्षा बरी असेल असं वाटत असेल, तर ऐका. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बारा बोर म्हणजे काय हो?” काउंटरवरचा पोरगा छातीठोकपणे म्हणाला, “एका वेळी बारा गोळ्या सुटतात.” गिऱ्हाईक खूश. “मग वीस बोर दाखवा, रानडुकरं फार झालीत.” पोरगा आत येऊन मला विचारतो, “काका, वीसची असते का आपल्याकडे?” तेवढ्यात बाकड्यावर बसलेले एक जुने शिकारी महाशय म्हणाले, “वीस काय घेऊन बसलात, चारशे दहाची असते. ती तर तोफच म्हणायची!”

हा हिशेब मी वर्गमैत्रिणींना सांगतो, त्यांना लगेच कळेल. एक पौंड शिसं घ्या, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. कणकेचे करतो तसे त्याचे सारखे बारा उंडे करा. त्यातला एक उंडा ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोर. तिचा व्यास होतो साधारण साडेअठरा मिलिमीटर. आता तेवढ्याच शिशाचे वीस उंडे केले, तर प्रत्येक उंडा लहान होणार. म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा बारीक. आकडा मोठा, बंदूक लहान. आणि ती चारशे दहाची तोफ? तिथं उंड्यांचा हिशेबच नाही. तो आकडा सरळ इंचाचा आहे, ०.४१० इंच. सगळ्या नळ्यांत ती जवळजवळ सर्वांत बारीक. छऱ्र्यांचंही असंच आहे. आठ नंबरचा छर्रा चार नंबरपेक्षा बारीक. पण जास्त नंबरचा माल भारी असतो, असं समजून आठ नंबर मागून नेणारे लोक मी पाहिलेत. डुकरानं पाठ खाजवून घेतली असेल त्यांच्याकडून!

दुसरा किस्सा ‘चोक’चा. दोन नळ्यांच्या बंदुकीत बहुतेक वेळा एका नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. त्यामुळे छर्रे लवकर पसरत नाहीत, थोडे लांबपर्यंत एकत्र जातात. या आवळण्याला चोक म्हणतात. तो मुद्दाम केलेला असतो आणि नळीवर तसं लिहिलेलंही असतं. एक गिऱ्हाईक जुनी बंदूक बघत होतं. त्यानं नळीवरचा शब्द वाचून विचारलं, “चोक म्हणजे?” आमचा पोरगा एकदम गंभीर झाला. म्हणाला, “डावी नळी चोकअप झालेली दिसते. पण काळजी करू नका, आमचे काका गज घालून मोकळी करून देतील. त्याचे पैसे कमी करू.” गिऱ्हाइकानं त्यावर घासाघीस सुरू केली. मी आतून आलो तेव्हा चोकअपपायी दोन हजार कमी झाले होते. त्या दिवशी मालकानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच मोरीत बोळा कोंबला होता.

तिसरा किस्सा ऐकायला गमतीचा आहे, पण इथून पुढं हसताना जरा जपून हसा. काडतुसावर लिहिलेलं असतं ७० एमएम. एकानं विचारलं, “हे सत्तर एमएम काय?” उत्तर आलं, “शोलेसारखं. मोठ्या पडद्याचं. पासष्टपेक्षा धमाका जास्त.” सगळे हसले. गिऱ्हाइकाची बंदूक जुनी, विलायती, आजोबांची. तिच्या घरावर म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर मोजमाप होतं ६५. मी ते हसणं थांबवलं आणि काडतूस परत घेतलं. कारण सांगतो. सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात आरामात बसतं, फसगत होते ती इथंच. बार उडाल्यावर त्याचं मिटलेलं तोंड उलगडून लांब होतं आणि त्याला उलगडायला जागाच उरत नाही. आतला दाब भलताच वाढतो. आणि ही सगळी भानगड गालापासून वीतभर अंतरावर चाललेली असते.

पॉइंट बत्तीसचंही तसंच. आपल्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर पॉइंट बत्तीस आणि पिस्तूलही पॉइंट बत्तीस. पण दोघांची काडतुसं वेगळी, लांबी वेगळी, बूड वेगळं. दुकानात पोरगा म्हणतो, “बत्तीस म्हणजे बत्तीस. बनियनसारखं आहे ते, कंपनी कोणतीही चालते.” या पोराचा कापडाच्या दुकानातला अनुभव इथं फार उपयोगी पडला, असं म्हणता येणार नाही.

आता नुसत्या दुकानदारांनाच नावं ठेवली तर अन्याय होईल. गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. छऱ्र्यांच्या एअर रायफलसाठी एक बापलेक आले. पॉइंट एकशे सत्त्याहत्तरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची रायफल त्यांना दाखवली. वडिलांनी विचारलं, “हवेवर चालते ना? मग पंक्चर झाली तर?” मी म्हटलं, “होत नाही.” ते म्हणाले, “तरी एक स्टेपनी देऊन ठेवा.” मुलगा मात्र हुशार होता. त्याला स्वप्नील कुसाळेसारखं नेमबाज व्हायचं होतं. स्वप्नील आपल्याच महाराष्ट्राचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पदक मिळवलं तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांत त्यानं कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर महिनाभर दुकानात प्रत्येक बाप मुलाला सांगायचा, “एक डोळा घट्ट मीट आणि हाण!” खरे नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतात. न लागणाऱ्या डोळ्यापुढे नुसती एक पट्टी लावतात, कारण डोळा मिटून ठेवला की चेहरा ताणतो आणि नजर थकते. दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो, माहीत आहे? अर्धा मिलिमीटर! बाजरीचा दाणासुद्धा त्यापेक्षा मोठा. तिथं ‘हाण’ चालत नाही.

आणि जुने शिकारी! त्यांच्याबद्दल काय बोलावं. प्रत्येकाच्या आजोबांनी एका गोळीत दोन वाघ मारलेले असतात आणि ते वाघ नेमके एका रांगेत उभे असतात. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला नसता, तर यांच्या गप्पांतच देशातले वाघ संपले असते. त्यांचा आवडता सिद्धांत असा, की गोळी शंभर मीटर सुतात जाते आणि मग दमून खाली पडते. आपल्या विज्ञानाच्या सरांचा विद्यार्थी असल्यामुळे मला तिथं गप्प बसवत नसे. त्याचं कारण शेवटी सांगतो.

अज्ञान फक्त आपल्याकडेच असतं असंही नाही. पंजाबात नेमणुकीला असताना गुरदासपूरकडच्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या सरदारजींनी मला इतकी चुकीची माहिती इतक्या प्रेमानं सांगितली, की खोडून काढवेना. मग गाव विचारलं. मी म्हटलं, “नरसी. भगत नामदेवांचं गाव.” ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. नामदेव महाराजांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांचं घुमान त्याच जिल्ह्यात. सरदारजींनी मला स्वतः घुमानला नेलं, लंगरमध्ये जेवू घातलं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा पेपरात फोटो पाहून मला त्या सरदारजींची आठवण झाली. बंदुकीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माणसातलं कळत होतं.

आता मूळ मुद्दा. भाषणाचं नाव मी ‘खाली’ बंदूक ठेवलंय. तो किस्सा असा. एका शहरात बँकांच्या सुरक्षारक्षकांच्या बंदुका तपासायच्या होत्या. तपासणीला आलेले अधिकारी उत्तरेकडचे. रक्षक आपल्याच भागातला, वय झालेला, साधा माणूस. साहेबांनी हुकूम दिला, “बंदूक खाली करो.” मामांनी नळीचं तोंड खाली केलं. साहेब म्हणाले, “अरे, खाली करो!” मामांनी आणखी खाली केलं. तिसऱ्यांदा साहेब ओरडले, तेव्हा नळी मामांच्या बुटाच्या टोकाला टेकली होती आणि मामा काकुळतीनं म्हणत होते, “याच्याखाली फरशीच हाय साहेब!” मॅनेजर, शिपाई, रांगेतली माणसं सगळी हसत होती. मी पुढं होऊन नळी भिंतीकडे वळवली आणि मराठीत म्हणालो, “मामा, रिकामी करा.” त्यांनी बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. बोट इतका वेळ चापावरच होतं. हसणं एकदम थांबलं.

हिंदीतला ‘खाली’ म्हणजे रिकामा आणि मराठीतला खाली म्हणजे बुडाशी. आपण मराठवाड्यातली माणसं तर दोन्ही अर्थांनी बोलतो. पण मित्रांनो, तीस वर्षांच्या कामात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं आणि सर्वांत जास्त वेळा खोटं निघालेलं वाक्य तेच आहे: “खाली आहे हो बंदूक, बघा.” हे सांगणारा दुकानदार असो, रक्षक असो, शिकारी असो, त्याच्या आवाजात शंका नसते. शंका असती तर त्यानं उघडून बघितलं असतं.

आता आपल्या भागातली गोष्ट. गाव सांगत नाही, पण कयाधूच्या काठचंच आहे. एका घरी म्हातारे बाबा वारले. पिकांच्या राखणीसाठी त्यांच्या नावावर ठासणीची बंदूक होती. तीन वर्षं ती कोठीमागं उभी. आजींनी निरोप पाठवला, “बाबा, तू बंदुकीतला माणूस. ही लोखंडाची काठी कुणाला द्यायची ते सांग.” मी गेलो तर त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू तीच बंदूक खांद्यावर घेऊन अंगणात कवायत करत होता. मी विचारलं, “आजी, भरलेली आहे का?” आजी म्हणाल्या, “छे रे, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आतली दारू कवाच मेली असंल.” घरच्या दोन कर्त्या मुलांनीही हेच सांगितलं. शेजारच्या एका जाणकारानं तर शास्त्र सांगितलं, की दारू सहा महिन्यांत ‘एक्स्पायर’ होते, औषधासारखी.

ठासणीची बंदूक उघडत नाही. तिच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. पण तिचाच गज तिची परीक्षा घेतो. गज नळीत सोडायचा, टेकला की तोंडापाशी बोटानं खूण धरायची, बाहेर काढायचा आणि नळीच्या बाहेरून लावून बघायचा. नळी रिकामी असेल तर गज बुडापर्यंत पोचलेला असतो. माझा गज चार बोटं अलीकडे थांबला होता. म्हणजे आत दारू, तिच्यावर चिंध्या आणि बहुतेक छर्रे. काळी दारू कोरडी राहिली, तर वर्षानुवर्षं मरत नाही. घोड्याखाली टोपी नव्हती, एवढंच काय ते नशीब. पण टोप्यांची डबी कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागंच होती आणि नातवाचा हात कोनाड्यापर्यंत पोचत होता.

मी आधी पोराला बाहेर घालवलं, मग नळीत पाणी ओतून दारू भिजवली. दुसऱ्या दिवशी आजींच्या थोरल्या मुलाला घेऊन बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवानाधारक वारला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला हवं असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करायचा. घरच्या सोन्यासारखं ते आपोआप मुलाकडे येत नाही. आजींना कळेना, मी एवढा घाम का पुसतोय. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “लोखंडाला काय भ्यायचं?” मी गज त्यांच्या हातात दिला आणि चार बोटं मोजून दाखवली. मग त्या काही बोलल्या नाहीत. नातवाला जवळ ओढून बसून राहिल्या.

लग्नसराई जवळ आली आहे म्हणून आणखी एक सांगतो. वरातीत हवेत बार काढणारे हौशी लोक म्हणतात, “आभाळात मारतोय, कुणाला लागणार?” आभाळ आजवर एकही गोळी ठेवून घेत नाही. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. नवरदेवाच्या मामाला हे आधी सांगून ठेवा. नंतर सांगायला वकील लागतो.

आता विज्ञानाच्या सरांची गोष्ट. सर इथंच बसले आहेत, त्यांना आठवत असेल की नाही, कोण जाणे. नववीत आपल्यापैकीच कुणीतरी विचारलं होतं, “सर, बंदुकीची गोळी सरळ जाते की वाकडी?” सर थोडा वेळ खडूकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मला आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या सांगतो.” मागच्या बाकावर आपण हसलो होतो. दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलाच्या कडेला दोन गोट्या ठेवल्या. एक नुसती सोडली आणि त्याच क्षणी दुसरी टिचकीनं समोर उडवली. दोघी एकदमच जमिनीवर पडल्या. सर म्हणाले, “सपाट झाडलेली गोळीही नळीतून सुटल्या क्षणापासून पडायला लागते. ती दमून पडत नाही.” सिकंदराबादच्या प्रशिक्षणात उस्तादांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा अख्ख्या तुकडीत एकाच पोराचा हात वर होता.

पण सर, तुमची दुसऱ्या दिवशीची गोट्यांची गोष्ट मला जेवढी उपयोगी पडली, त्यापेक्षा पहिल्या दिवशीचं वाक्य जास्त उपयोगी पडलं. दुकानात मी नव्या पोरांना पहिल्यांदा तेच पाठ करायला लावायचो: “मला माहीत नाही, आत विचारून सांगतो.” सुरुवातीला त्यांची जीभ वळायची नाही. ज्या पोरानं चोकअपचं गणित केलं होतं, तो पुढं इतका तयार झाला, की एकदा एका बड्या पुढाऱ्याला त्यानं काडतूस द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, “साहेब, तुमच्या बंदुकीच्या घराचं माप मला माहीत नाही. काका जेवून येईपर्यंत बसा.” पुढारी रागावले, पण बसले.

आपल्या भागात आज हे सांगायची गरज आहे. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं आपल्याच शाळेची आहेत. त्यातली काही उद्या हातात शस्त्र घेतील. काही जण बँकेच्या दारात उभे राहतील. त्यांना नेम शिकवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एवढं आपण सांगू या. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळीचं तोंड माणसाकडे करायचं नाही. चापावर उगाच बोट ठेवायचं नाही. आणि कुणी ‘खाली आहे’ म्हटलं, तर त्याचा मान राखून, हसत हसत, स्वतः उघडून बघायचं.

  ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची एखादी बंदूक माळ्यावर किंवा कोठीमागं असेल, त्यांनी जेवण झाल्यावर मला गाठावं. मी रविवारपर्यंत गावातच आहे आणि माझा गज गाडीत आहे.